सरासरीच्या पांघरुणाखाली

शिक्षण पोहोचवणारे साधन बदलले की शिक्षणही बदलते काय, हा शैक्षणिक तंत्रविज्ञानाच्या संशोधकांचा जुना प्रश्न आहे. रेडिओ आला, दूरचित्रवाणी आली, तेव्हा तो विचारला गेला. आज ऑनलाइन शिक्षणाच्या संदर्भात तोच पुन्हा विचारला जातो. ह्या संशोधनाची उत्तरे पुढे सरकारी धोरणांत उतरतात. म्हणून हे संशोधक काय मोजतात आणि कोणाला मोजायचे विसरतात, हे आपल्या कार्यकर्त्यांनी व शिक्षकांनी समजून घेतले पाहिजे.

१९८३ साली रिचर्ड क्लार्क या अमेरिकन अभ्यासकाने एक ठाम भूमिका घेतली. साधन म्हणजे किराणा वाहून आणणारी गाडी. गाडीमुळे कुणाचे पोषण होत नाही. विद्यार्थी शिकतो तो शिकवण्याच्या पद्धतीमुळे, असे त्यांचे म्हणणे. रॉबर्ट कोझ्मा यांनी १९९१ व १९९४ मध्ये त्याला हरकत घेतली. साधन आणि पद्धत अशा सुट्या करता येत नाहीत, असा त्यांचा प्रतिवाद होता. १९९९ साली टॉमस रसेल यांनी ३५५ अभ्यासांचे संकलन ग्रंथरूपाने काढले. वर्गातील व दूरस्थ शिक्षणाच्या निकालांत लक्षणीय फरक पडत नाही, हा त्याचा सूर.

‘फरक नाही’ हे शब्द प्रशासकांना फार सोयीचे असतात. फरक नसेल तर शिक्षकांची भरती कशाला, ग्रंथालय कशाला, वसतिगृह कशाला? परंतु हा निष्कर्ष सरासरीचा आहे, आणि सरासरीत एकाचा लाभ दुसऱ्याच्या हानीवर पांघरूण घालतो. ज्या समाजात माणसे जन्मतःच वर-खाली रचली जातात, तेथे सरासरी निरुपद्रवी राहत नाही.

हे पांघरूण काही संशोधकांनीच दूर केले. डी झू आणि शॅना स्मिथ जॅगर्स यांनी वॉशिंग्टन राज्यातील ३४ सार्वजनिक महाविद्यालयांच्या सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासल्या. त्यांचा निबंध २०१४ साली प्रसिद्ध झाला. ऑनलाइन अभ्यासक्रमांत सर्वच गटांची कामगिरी घसरली. पण कृष्णवर्णीय, पुरुष, कमी वयाचे आणि आधीच कमी गुण असलेले विद्यार्थी अधिक घसरले. वर्गात जी दरी होती ती पडद्यावर रुंदावली.

जगातील गरिबाला विद्यापीठ खुले होणार, असा गाजावाजा २०१२ पासून झाला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या अभ्यासकांनी आपल्या खुल्या अभ्यासक्रमांच्या विद्यार्थ्यांची पाहणी केली, तिचे निष्कर्ष २०१३ साली आले. भारत, ब्राझील, चीन, रशिया व दक्षिण आफ्रिका येथील जवळजवळ ८० टक्के विद्यार्थी आपापल्या देशातील सर्वांत संपन्न व सुशिक्षित ६ टक्क्यांतले निघाले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील सॅन होझे राज्य विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने हार्वर्डच्या मायकेल सँडेल यांचा ‘न्याय’ या विषयावरील चित्रित अभ्यासक्रम वापरण्यास खुल्या पत्राने नकार दिला. संपन्नांपुढे जिवंत प्राध्यापक आणि इतरांपुढे त्याची चित्रफीत, अशी दोन प्रकारची विद्यापीठे होतील, ही त्यांची भीती. न्यायाचा पाठ अन्यायाच्या मार्गाने यावा, हे त्यांना मान्य नव्हते.

हा प्रश्न आता आपल्याही दारात आहे. केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ २०१७ साली सुरू झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनी एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक त्यावरून मिळवण्याची मुभा दिली. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत इंटरनेटची सोय शहरी भागात ४२ टक्के, तर ग्रामीण भागात सुमारे १५ टक्के घरांत होती. संगणक तर ग्रामीण भागात ४.४ टक्के घरांत. त्यानंतर मोबाइल पुष्कळ पसरले हे खरे. पण घरात एकच मोबाइल, तोही बाप कामावरून परतल्यावर हाती येणारा, याला अभ्यासाची सोय म्हणायचे काय?

१९२५ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. शाळेचे दार उघडल्याने भागत नाही. राहायला जागा, पोटाला अन्न आणि अभ्यासाला सोबती लागतात, हा त्या कृतीचा अर्थ आहे. क्लार्क यांची गाडी आणि तिच्यातला किराणा यांच्या वादात ही चूलच राहून गेली.

तंत्रविज्ञान नाकारावे, असा याचा अर्थ नाही. मजुरी करून शिकणाऱ्या तरुणाला, मुले सांभाळून शिकणाऱ्या स्त्रीला घरी मिळणारा पाठ मोलाचा आहे. मात्र प्रत्येक ऑनलाइन अभ्यासक्रमाचे निकाल जात, लिंग, गाव-शहर आणि शिक्षणाचे माध्यम यांनुसार वेगळे करून प्रसिद्ध व्हावेत, अर्ध्यावर सोडून गेलेल्यांचीही गणना व्हावी, अशी मागणी आपण विद्यापीठांकडे केली पाहिजे. आपल्यातल्या विद्यार्थ्यांनीही या विषयाच्या संशोधनात उतरले पाहिजे. मोजणारा कोण, यावर काय मोजले जाणार हे पुष्कळदा ठरते.