ठासणीच्या बंदुकीचें सामान व त्यावरील मुलामे

कोंकणांत रानडुकरें व माकडें यांच्या उपद्रवास कंटाळून कित्येक शेतकऱ्यांनीं पीकसंरक्षणाकरितां परवान्याची ठासणीची बंदूक घरीं ठेविली आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमांत या प्रयोजनाचा स्पष्ट उल्लेख आहे. आम्ही महसूल खात्यांत कारकून असतां परवान्यांच्या कामानिमित्त अशा पुष्कळ बंदुका आमच्या नजरेखालून गेल्या. त्यांतील एक आम्ही अद्याप विसरलों नाहीं. बाहेरून ती आरशासारखी चकचकीत होती. परंतु पुढील पावसाळ्यांत बार उडवितांना तिची नळी मागील बाजूस फुटली व धन्याच्या डाव्या हाताचीं दोन बोटें गेलीं. गंजानें नळी आंतून खाल्ली होती.

बाजारांत या सामानावर निरनिराळे मुलामे आढळतात. नळीवरील निळसर-काळा रंग हा वास्तविक लोखंडाच्याच एका काळ्या भस्माचा अत्यंत पातळ थर होय. तो तेल धरून ठेवितो इतकाच त्याचा गुण. तेल नसल्यास तो गंजास फारसा अडवीत नाहीं. फॉस्फेटचा करडा थर जाड व खरखरीत असल्यामुळें अधिक तेल धरितो. निकेलचा मुलामा शोभिवंत दिसतो. परंतु त्यास एकदां ओरखडा गेला कीं त्या ठिकाणीं लोखंड उलट लवकर गंजतें. कुंपणाच्या तारेवरील जस्ताची गोष्ट निराळी. ओरखडा पडला तरी जस्त आधीं स्वतः झिजतें व लोखंडास राखतें. दारू मोजण्याचें माप मात्र पितळीच असावें. तें तांबड्या गंजानें खाल्लें जात नाहीं व घर्षणानें ठिणगीही सहसा पाडीत नाहीं.

आतां मुख्य मुद्दा असा कीं, हे मुलामे बाहेरचे आहेत. ठासणीच्या नळीच्या आंत बहुधा कोणताच मुलामा नसतो, आणि शत्रु तेथेंच वसतो. काळी दारू सोरा, गंधक व कोळसा यांची असते. ती जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूप होतो. त्यांतील कांहीं धुराबरोबर जातो, बाकीचा नळीस व गजास चिकटून राहतो. त्यांतील क्षार हवेंतील ओल ओढून घेतात. कोंकणच्या पावसाळी हवेंत एका रात्रींत गंज धरतो. पुष्कळांची समजूत अशी कीं, वरून तेल चोळलें म्हणजे झालें. परंतु क्षार तेलांत विरघळत नाहींत, पाण्यांत विरघळतात. तेलाखालीं ते आपलें काम चालूच ठेवितात.

यास्तव बार उडविल्यावर त्याच दिवशीं पुढीलप्रमाणें करावें. प्रथम केप काढावी व गज नळींत सोडून आंत दुसरा बार नाहीं याची खात्री करावी. बार अडकलेला असल्यास स्वतः खटपट न करितां परवानाधारक कारागिराकडे जावें. नळी रिकामी असल्यास कढत पाण्यानें, मळ येईनासा होईपर्यंत धुवावी. गज व त्याचा पेंचही तसाच धुवावा. कढत पाण्यानें लोखंड तापतें व लवकर सुकतें. नंतर कोरड्या फडक्यानें पुसून यंत्राचें पातळ तेल लावावें. जवसाचें तेल वापरूं नये. तें सुकून चिकट पापुद्रा धरतें. पुढील बार भरण्यापूर्वीं आंतील तेल पुसून टाकावें, नाहींतर दारू ओली होऊन बार फुसका जातो. बंदूक ओलसर गोणपाटांत किंवा चामड्याच्या म्यानांत गुंडाळून ठेवूं नये.

नळींत खड्डे पडलेले दिसल्यास नवा मुलामा देऊन ते झांकण्याचा मोह धरूं नये. मुलाम्यानें लोखंडाची गेलेली जाडी परत येत नाहीं. अशी बंदूक परवानाधारक कारागिरास दाखविल्याशिवाय वापरूं नये. तसेंच, १९७२ च्या वन्यजीव अधिनियमाप्रमाणें परवानगीवांचून जनावर मारणें गुन्हा आहे, हेंही विसरूं नये.

नांगराचा फाळ गंजला तर एक दिवसाची नांगरट बुडते. नळी गंजली तर नांगर धरणारा हातच जातो. तेव्हां मुलाम्याकरितां पैसे मोजण्यापूर्वीं एक तपेलें कढत पाणी ठेवावें, इतकीच आमच्या शेतकरी बंधूंस विनंति आहे.