रेस उतरेना तेव्हा

सिग्नल लाल होतो, मूठ सोडली जाते, तरी इंजिन मात्र गाडी अजून घाट चढत असल्यासारखं ओरडत राहतं. आजूबाजूचे वळून बघतात. संध्याकाळी गाडी कोपऱ्यावरच्या गॅरेजात जाते. मेकॅनिक कार्ब्युरेटरचा एक स्क्रू अर्धा फेरा सैल करतो, रेस उतरते आणि काम झालं असं दोघंही समजतात. चार-आठ दिवसांत रेस पुन्हा चढते, नाहीतर सकाळी थंड इंजिनावर गाडी उभ्या-उभ्या बंद पडू लागते. असं होतं, कारण स्क्रूमुळे चढलेली रेसच स्क्रूने उतरते. रेस चढण्याची बहुतेक कारणं त्या स्क्रूपासून लांब, दुसरीकडेच असतात.

आधी किती रेस म्हणजे जास्त, ते ठरवायला हवं. स्प्लेंडरसारखी शंभर सीसीची गाडी असो वा दीडशे सीसीची पल्सर, गरम इंजिनाची उभ्या गाडीवरची रेस मिनिटाला साधारण १४०० फेऱ्यांच्या आसपास ठेवलेली असते. त्यात शंभरेक फेऱ्या इकडे-तिकडे चालतात. चारस्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक स्फोट होतो, म्हणजे १४०० फेऱ्यांना मिनिटाला ७०० स्फोट, सेकंदाला जवळजवळ बारा. हे कानाने मोजता येत नाहीत. जुन्या बुलेटची गोष्ट वेगळी, तिची रेस इतकी खाली असते की ठोके वेगवेगळे ऐकू येतात. टॅकोमीटर नसलेल्या गाडीवर दुसऱ्या खुणा बघाव्या लागतात. पहिला गिअर टाकताना मोठा खटका बसतो. मूठ पूर्ण सोडूनही गाडी गर्दीत पुढे रेटत राहते. उतारावर इंजिनाचा ब्रेक लागत नाही. यातल्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या, तर रेस नक्की जास्त आहे.

‘आवाज थोडा जास्त आहे, चालायचंच’ असं म्हणून हे सोडून देणं चूक आहे. पेट्रोल जास्त जातं, इंजिन गर्दीत तापतं, क्लच आणि गिअर झिजतात, हे सगळं खरंच. पण त्याहून मोठा धोका ब्रेकचा आहे. मूठ सोडल्यावर वेग आपोआप कमी होईल या भरवशावर दुचाकीस्वार पुढच्या वाहनापासून अंतर ठेवत असतो. रेस उतरत नसेल, तर तो भरवसाच खोटा ठरतो.

उभ्या गाडीचं इंजिन चालतं कसं, हे थोडं समजून घेतलं की कारण शोधणं सोपं जातं. साध्या कार्ब्युरेटरमध्ये हवेच्या वाटेवर पितळी किंवा ॲल्युमिनियमची एक गोल सरकती स्लाइड असते. मूठ पिळली की केबल तिला वर ओढते, सोडली की स्प्रिंग खाली ढकलते. ती पूर्ण बंद झाली तर हवाच मिळणार नाही, म्हणून रेसचा स्क्रू आडवा येऊन तिला किंचित उचलून धरतो. त्या फटीतून थोडी हवा जाते आणि पायलट जेट नावाच्या नळीतून थोडं पेट्रोल येतं. या जेटचं छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. दुसरा एक छोटा स्क्रू या दोघांचं प्रमाण ठरवतो. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने एका भागाला साधारण १४.७ भाग हवा लागते, आणि सगळी कसरत त्या आकड्याभोवती चालते. म्हणजे रेस चढायला मोजकेच मार्ग उरतात. स्लाइड पूर्ण खाली येत नाही, चोक उघडा राहिला आहे, हवा भलत्याच वाटेने आत शिरते आहे किंवा पेट्रोल कमी मिळतं आहे.

चोकपासून सुरुवात करावी, कारण त्याला काही खर्च नाही. काही गाड्यांत चोकची दांडी डाव्या मुठीजवळ असते, काहींत कार्ब्युरेटरलाच. थंडीत सकाळी ओढलेली दांडी परत ढकलायची राहते, किंवा चोकची केबल गंजून अर्ध्यातच अडकते. दांडी जागेवर दिसते, पण आतला दट्ट्या वरच राहतो. ऑटो चोक असलेल्या स्कूटरमध्ये तर दांडीच नसते. तिथे मेणाचा एक तुकडा तापला की फुगतो आणि चोक बंद करतो. तो बिघडला की इंजिन गरम झाल्यावरही गाडी सकाळच्याच रेसवर चालत राहते.

मग मूठ. इंजिन बंद करा, मूठ पूर्ण पिळा आणि एकदम सोडा. ती ‘टक्’ करून जागेवर आली पाहिजे. रेंगाळत आली, तर केबल तपासायला हवी. कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसाळा काढलेल्या गाडीच्या केबलमध्ये पाणी उतरतं, आतली तार गंजते आणि मुठीजवळच्या वळणावर तिचे धागे सुटू लागतात. अशा केबलमध्ये तेल सोडून दिवस ढकलण्यात अर्थ नाही, ती बदलावी. केबल स्वस्त असते. कधी केबल ठीक असते आणि मूठच टोकाच्या वजनाला घासत असते. गाडी एकदा त्या बाजूला पडून उचलली असेल, तर हे हमखास बघावं. मुठीला थोडा मोकळा खेळही लागतो. केबल ओढायला लागण्याआधी मूठ कडेवर साधारण दोन ते सहा मिलिमीटर मोकळी फिरली पाहिजे. खेळच नसेल, तर केबल कायम ताणलेली राहते आणि स्लाइड उचललेलीच.

यानंतरची चाचणी सगळ्यांत महत्त्वाची आहे आणि गॅरेजमध्ये सगळ्यांत कमी केली जाते. गाडी मधल्या स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन गरम. मुठीला हात न लावता हँडल आधी पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवायचं आणि कान द्यायचा. रेस कणभरही बदलायला नको. एका बाजूला ती चढली, तर केबल टाकीखाली कुठेतरी चेंबते आहे किंवा चुकीच्या वाटेने नेली आहे. हँडल बदललेल्या, अपघातानंतर दुरुस्त केलेल्या किंवा नुकतीच नवी केबल घातलेल्या गाड्यांत हा दोष वारंवार सापडतो. अशी गाडी सरळ रस्त्यावर अगदी शहाणी वागते. अरुंद रस्त्यावर यू-टर्न घेताना मात्र हँडल पूर्ण वळतं आणि नेमकी तेव्हाच ती स्वतःहून जोर घेते. स्क्रू कितीही फिरवला तरी हा दोष जात नाही. टाकी उचलून केबल तिच्या मूळ वाटेने न्यावी लागते.

कार्ब्युरेटर नुकताच उघडून साफ केला असेल आणि पहिल्या किकलाच इंजिन किंचाळायला लागलं, तर इंजिन लगेच बंद करून स्लाइड बघावी. स्लाइडच्या एका बाजूला खाच असते, ती आतल्या खुंटीवर बसवायची असते. दुसऱ्या बाजूचा कापलेला भाग एअर फिल्टरकडे यायला हवा. घाईत ती उलटी बसली, की हवेची वाट नीट बंद होत नाही आणि रेसचा स्क्रू तिला धरू शकत नाही. नवशिक्या हातांकडून ही चूक फार होते, आणि पाच मिनिटांत सुधारते.

इथपर्यंत सगळं ठीक निघालं, तर संशय हवेच्या गळतीवर. या कारणाला बरीच गॅरेजेस हातच लावत नाहीत, म्हणून इथे थोडं थांबायला हवं. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये एक रबरी किंवा धातूचा जोड असतो, त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. मूठ बंद असताना इंजिन या जोडातून जोरात हवा ओढतं, त्यामुळे आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा बराच कमी असतो. रबराला चीर गेली, ओ-रिंग दबून सपाट झाली, पॅकिंग फाटलं किंवा दोन नटांपैकी एक ढिला राहिला, की त्या फटीतून बाहेरची हवा आत घुसते. या हवेचा हिशेब कार्ब्युरेटरकडे नसतो. मिश्रण पातळ होतं आणि गाडी विचित्र वागू लागते. मूठ सोडल्यावर रेस वरच लटकते आणि मग सावकाश उतरते. कधी खाली येता-येता गाडी बंदच पडते. उतारावर सायलेन्सरमधून फटफट आवाज येतात. रेस एकसारखी चढलेली नसून लहरी असेल, तर आधी गळती शोधावी.

शोधायची कशी? काही मेकॅनिक जोडावर पेट्रोल ओततात किंवा कार्ब्युरेटर क्लीनर फवारतात. रेस बदलली, तर तिथे फट आहे. पद्धत बरोबर आहे, पण गरम सायलेन्सरशेजारी पेट्रोल शिंपडणं धोक्याचं आहे आणि ते कोणीही करू नये. कपड्यांना पाणी मारायच्या फवाऱ्यात साबणाचं पाणी भरून जोडावर सगळीकडून मारलं तरी काम होतं. पाणी क्षणभर फट बुजवतं आणि रेस हलते. स्पार्क प्लगच्या टोपीवर तेवढं पाणी जाऊ देऊ नये. मग जोड काढून दिवसाच्या उजेडात बोटांनी वाकवून बघावा. जुन्या रबराच्या चिरा सरळ धरल्यावर दिसत नाहीत, वाकवल्यावर उघडतात. चीर सापडली, तर त्यावर सोल्यूशन किंवा एम-सील फासू नये. पेट्रोलच्या वाफेने ते सुटतं आणि तुकडा आत जाऊ शकतो. नवा जोड घालावा.

जुन्या टूस्ट्रोक गाड्यांत हाच दोष थेट इंजिनाच्या जिवावर उठतो. कोल्हापूर-सांगलीकडे यामाहा आरएक्स १०० जपणारे लोक आजही भेटतात. १९८५ साली आलेल्या या गाडीत हवा आणि पेट्रोलचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं आणि मग सिलिंडरमध्ये जातं. त्यामुळे मॅग्नेटच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील वाळून कडक झालं, तर हवा तिथूनही आत शिरते. रेस चढते, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि चालत्या गाडीत जाम होऊ शकतो. टूस्ट्रोकची रेस कारणाशिवाय चढली, तर ती गाडी सील तपासेपर्यंत रस्त्यावर काढू नये.

पायलट जेट चोंदण्याचा दोष फसवा असतो. गाडी महिना-दोन महिने उभी राहिली, की कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून चिकट साका उरतो आणि ते बारीक छिद्र बुजतं. मग गाडी आयडलिंगला, म्हणजे मूठ सोडून उभी असताना, चालू राहत नाही. मालक किंवा मेकॅनिक स्क्रू पिळून स्लाइड वर उचलतो, गाडी चालू राहते, पण गरम झाली की रेस चढते. इथे चढलेली रेस दिसते आणि मूळ दोष झाकला जातो. जेट काढून उजेडासमोर धरावं. छिद्रातून गोल, स्वच्छ ठिपका दिसला पाहिजे. ते साफ करायला टाचणी किंवा तार घालू नये. पितळ मऊ असतं, छिद्र मोठं झालं की जेट वाया गेलं. क्लीनर आणि दाबाची हवा पुरते.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटरसायकली फ्युएल इंजेक्शनवर आल्या. या गाड्यांत रेस संगणक ठरवतो. इंजिनाचं तापमान, मुठीची स्थिती आणि हवेचा दाब सांगणारे सेन्सर त्याला माहिती देतात. त्यामुळे कारणंही बदलतात. तापमानाचा सेन्सर बिघडला आणि इंजिन थंड आहे असंच सांगत राहिला, तर संगणक इमानेइतबारे रेस वाढवून ठेवतो. थ्रॉटल बॉडीच्या झडपेवर काजळी बसली, की ती पूर्ण मिटत नाही. हवेची गळती इथेही होतेच. मीटरवर पिवळा इंजिनाचा दिवा लागला असेल, तर स्कॅनर लावून कोड वाचल्याशिवाय कुठलाही भाग बदलू देऊ नये. थ्रॉटल बॉडीवरचा सीलबंद स्क्रू तर कोणालाच फिरवू देऊ नये. तो कारखान्यात बसवलेला असतो आणि हलला की सेन्सरचं गणित चुकतं.

स्क्रूची पाळी या सगळ्यानंतर येते. कार्ब्युरेटरची गाडी दहा मिनिटं चालवून इंजिन पूर्ण गरम करायचं. मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत नेऊन किती फेरे लागले ते लिहून ठेवायचं. जोराने पिळला, तर त्याचं टोक आणि बैठक दोन्ही खराब होतात. पुन्हा तितकेच फेरे बाहेर काढून तिथून पाव-पाव फेरा फिरवत इंजिन सगळ्यांत गुळगुळीत आणि सगळ्यांत वर कुठे चालतं ते शोधायचं. हा स्क्रू स्लाइडच्या फिल्टरकडच्या बाजूला असेल, तर तो हवा ठरवतो आणि आत नेल्यावर पेट्रोल वाढतं. इंजिनकडच्या बाजूला असेल, तर उलट. जागा सापडली की रेसचा स्क्रू सैल करून १४०० पर्यंत उतरायचं. हे सगळं उघड्यावर करायचं. बंद शेडमध्ये चालू इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. पीयूसीच्या चाचणीत पेट्रोल दुचाकीचा धूर आयडलिंगलाच मोजतात, म्हणून हे ट्यूनिंग तिथेही उपयोगी पडतं.

चालता-चालता रेस अचानक चढून उतरेनाशी झाली, तर क्लच दाबा, किल स्विच बंद करा आणि ब्रेक लावत कडेला या. किल स्विच नसेल, तर चावी फिरवा, पण हँडल लॉक होईल इतकी नाही. आणि गॅरेजातून गाडी घेताना, पैसे देण्याआधी, इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. रेस हलली, तर काम झालेलं नाही. गाडी तिथेच ठेवा.