स्कीचा कणा आणि बर्फातील चाकोरी

स्नोमोबाइल ह्या बर्फावरून धावणाऱ्या वाहनाला चाके नसतात. मागील बाजूस रबराचा एक रुंद, अखंड फिरणारा पट्टा असतो आणि पुढे दोन स्की असतात. पट्टा वाहनाला पुढे ढकलतो. वळविण्याचे काम स्कीकडे असते. हँडल फिरविले की दोन्ही स्की फिरतात, एवढे पाहून त्यांची तुलना मोटारीच्या पुढच्या चाकांशी करण्याचा मोह होतो. ही तुलना फसवी आहे. चाक रस्त्याला घर्षणाने धरून ठेवते आणि धरूनही पुढे गडगडत जाते. स्कीची योजना मुळात घर्षण कमी व्हावे म्हणूनच केलेली. मग घसरण्यासाठी घडविलेली वस्तू वाहनाला वळविते कशी? ह्याचे उत्तर तिच्या तळाच्या आकारात आहे.

आधुनिक स्कीचा तळ प्लास्टिकचा असून तिचे टोक वर वळलेले असते. तळाच्या मधोमध, नौकेच्या तळाशी असतो तसा, एक लांब कणा उतरलेला असतो. कण्याच्या खालच्या कडेला बोटाएवढ्या जाडीची पोलादी सळई बसवितात आणि त्या सळईच्या मधल्या भागात टंगस्टन कार्बाइडची कठीण धार जडवितात. ही धार साधारणतः ४ ते १० इंच लांब असते. तिचा कोन ६० अंशांचा ठेवला तर ती अधिक चिरते, ९० अंशांचा ठेवला तर कमी. स्की वळली की कणा गतीच्या दिशेशी तिरपा उभा राहतो. मऊ बर्फ त्याच्या कुशीवर दाबला जातो. घट्ट बर्फात धार बारीक चर पाडते आणि त्या चराची भिंत कण्याला आडवा रेटा देते. थोडक्यात, स्की आधी वाट चिरते आणि मग त्या वाटेच्या भिंतीला टेकून वळते. पुढील सर्व विवेचन ह्या एका गोष्टीवर उभे आहे.

येथे शब्दाविषयी थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. ‘स्की’ हा शब्द नॉर्वेजियन भाषेतून जगभर गेला. त्याच्या प्राचीन नॉर्स रूपाचा अर्थ फोडून काढलेली लाकडाची फळी असा होता. ज्या इंडो-युरोपीय मुळाशी तो जाऊन पोचतो त्याचा अर्थ कापणे, चिरणे असा आहे, आणि संस्कृतातील ‘छिद्’ हा धातू व आपला ‘छेद’ हा शब्द त्याच कुळातले. फळी लाकूड चिरून काढली म्हणून हे नाव पडले, ती बर्फ चिरते म्हणून नव्हे. व्युत्पत्तीवरून यंत्रशास्त्र सिद्ध करू पाहणे अनुचित होय.

स्कीचे पहिले काम चिरण्याचे नव्हते, तरंगण्याचे होते. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील व्हॅलकोर्ट गावी जोसेफ-आर्मां बोंबार्दिए ह्यांचा लहान मुलगा १९३४ च्या जानेवारीत आंत्रपुच्छाच्या विकाराने दगावला. रस्ते बर्फाने बंद असल्यामुळे त्याला रुग्णालयात नेता आले नाही. बोंबार्दिए त्याआधीपासूनच बर्फावरील वाहनाचे प्रयोग करीत होते. १९३७ मध्ये त्यांना पट्ट्याच्या रचनेचे पेटंट मिळाले आणि पुढे स्की व मागे पट्टे असलेले त्यांचे सात आसनी वाहन तयार होऊ लागले. अशा वाहनाला न तुडविलेल्या खोल बर्फात जावे लागे. तेथे रुतू नये म्हणून स्कीचा तळ रुंद हवा. १९५९ मध्ये त्यांचे ‘स्की-डू’ हे हलके वाहन आले, आणि पुढे स्नोमोबाइलसाठी खास दाबून सपाट केलेल्या वाटांचे जाळे पसरले. आज एकट्या क्वेबेकमध्ये अशा वाटांची लांबी ३०,००० किलोमीटरांहून अधिक आहे. घट्ट वाटेवर तरंगण्याचा प्रश्न उरत नाही. म्हणून डोंगरातील खोल बर्फासाठी आठ-नऊ इंच रुंदीची स्की घेतात, तर वाटेवरची त्याहून अरुंद आणि खोल कण्याची असते.

आता वाटेवरील दोन दोषांचा विचार करू. पहिल्यात हँडल वळविले तरी वाहन सरळच जात राहते. इंग्रजी बोलणारे स्वार ह्याला ‘पुश’, म्हणजे ढकलणे, म्हणतात, आणि ते नाव यथार्थ आहे, कारण मागचा पट्टा ढकलत असतो आणि पुढच्या धारेची पकड त्याला पुरी पडत नाही. वेग वाढविला की भार मागे सरकतो व स्की हलक्या होतात, म्हणून वळणावर हा दोष बळावतो. झिजून बोथट झालेली धार हेही त्याचे नेहमीचे कारण. उपाय उघड आहे: कणा खोल करा, धार लांब व तीक्ष्ण करा.

परंतु हाच उपाय दुसऱ्या दोषाला आमंत्रण देतो. त्याला ‘डार्टिंग’ म्हणतात: सरळ वाटेवर वाहन एकाएकी डावी-उजवीकडे झेपावते. ह्या नावाने वाहनाची हालचाल कळते, कारण मात्र झाकले जाते. मराठीत ते कारण सांगणारा शब्द आयता आहे: चाकोरी. रात्री यंत्राने सपाट केलेल्या वाटेवरून दिवसभर शेकडो वाहने जातात. प्रत्येकाची धार बर्फात चर पाडते आणि ते चर गोठून कठीण होतात. मागून येणारी स्की अशा चरात शिरली की ती आपण चिरलेल्या नव्हे, दुसऱ्याने चिरलेल्या भिंतीला टेकते. धार जितकी तीक्ष्ण आणि कणा जितका खोल, तितकी ती चराची आज्ञा अधिक पाळते. बैलगाडीचे चाक चाकोरीत गेले तर बैल आणि गाडीवान दोघेही निवांत असतात; येथे वाट दुहेरी, समोरून वाहन येणारे आणि वेग मोठा. घाबरलेला स्वार हँडल आवळून प्रत्येक हिसक्याला उलट हिसका देतो, तेव्हा हेलकावे वाढतातच.

म्हणजे पकड आणि चाकोरीचे दास्य ही दोन्ही एकाच गुणाची फळे आहेत. स्कीच्या आकारातील बहुतेक सुधारणा ह्या दोहोंना वेगळे करण्याच्या खटपटी होत. त्यांपैकी मला सर्वांत युक्तिपूर्ण वाटते ती दुहेरी धारेची. एका स्कीखाली काही अंतरावर दोन समांतर धारा बसविल्या की दोन्ही एकाच वेळी चरात सापडणे कठीण. एक चरात गेली तरी दुसरी बाहेरच्या सपाटीवर टेकून स्कीला सावरते. मात्र हँडल जड लागते आणि प्रत्येक धारेवरचा भार अर्ध्यावर येतो. दुसरी खटपट कण्याच्या बाकाची आहे. कणा लांबीभर सपाट टेकला तर स्की फिरविणे कष्टाचे होते. पाळण्याच्या बुडाप्रमाणे त्याला किंचित बाक दिला की भार मध्यभागी, फिरण्याच्या आसाजवळ येतो. पकडीचे केंद्र ह्या आसाच्या जरासे मागे असले तर स्की आपोआप सरळ होऊ पाहते. पुढे गेले तर प्रत्येक चर तिला भलतीकडे फिरवितो. दोन्ही स्कींची टोके किंचित बाहेर वळवून ठेवण्याचा प्रघातही स्थिरतेसाठीच.

स्कीचा दोष समजून तिला बदलणारे अनेकदा स्कीपाशीच थांबतात. वस्तुतः पट्टा लांब असला तर तो वळण्यास अधिक विरोध करतो, आणि पुढच्या कमानींचा ताण बदलला की धारेवरील भारही बदलतो. शिवाय एकच वाट सकाळी सपाट असते आणि दुपारपर्यंत चरांनी भरते. सकाळी हवीशी असलेली खोल धार दुपारी नकोशी होते. कण्याखालील धार किती बाहेर यावी हे स्कीवरच्या मुठीने कमीजास्त करण्याची सोय काही उत्पादकांनी अलीकडे केली आहे, ती ह्याचसाठी.