दंड भरावा कीं कोर्टांत जावें?

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, हें लोकवचन आम्हांस मान्य आहे. परंतु वाहनाच्या दंडाची सूचना भ्रमणध्वनीवर येतांच पैसे भरून मोकळें होण्याची रीत घरोघरीं पडली आहे, ती आम्हांस पसंत नाहीं. आधीं छायाचित्र पाहावें. सन २०२१ च्या नियमान्वयें त्यांत गाडीचा क्रमांक, स्थळ, दिवस व वेळ हीं स्पष्ट हवींत. चूक आपलीच असेल, तर दंड मुकाट्यानें भरावा. मोटार वाहन कायद्याच्या २०० व्या कलमान्वयें प्रकरण तेथेंच मिटतें. मात्र क्रमांक आपला आणि स्कूटर परक्याची, असें असल्यास प्रश्न ५०० रुपयांचा राहत नाहीं. उद्यां त्या तिऱ्हाइतानें कोणास उडविलें, तर पोलीस दार आपलेंच ठोठावतील! अशा वेळीं वाहतूक पोलिसांकडे लेखी तक्रार करावी. ती न ऐकिली गेल्यास चिरंजिवांनीं रजा काढून, नोंदणीपत्र घेऊन, न्यायाधीशांपुढें खुशाल उभें राहावें.