ठिणगीवाचून चालणारे एंजिन थांबवावे कसे?

शिडाच्या नौकेचे खरे बळ म्हणजे वारा. परंतु बंदराच्या तोंडाशी वारा पडला आणि भरतीचा ओघ नौकेला खडकाकडे ओढू लागला, म्हणजे तिच्या पोटातील लहानसे डीझेल एंजिनच तिला तारते. त्याचा वेग बदलण्याची व ते बंद करण्याची योजना सुकाण्याजवळ हाताशी असावी लागते. तीत फेरफार करावयाचा असेल, तर प्रथम तिचे मर्म जाणले पाहिजे.

पेट्रोलचे एंजिन विजेच्या ठिणगीवर चालते. ठिणगी बंद केली की ते थांबते. रुडॉल्फ डीझेल यांचे एंजिन १८९७ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे यशस्वी ठरले. त्यात ठिणगीला स्थानच नव्हते. दट्ट्याने दाबलेली हवा इतकी तापते की, तीत फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. म्हणूनच किल्ली काढून घेतली, तरी साध्या धाटणीचे डीझेल एंजिन चालूच राहते. ते थांबवावयाचे, तर त्याचे इंधनच तोडावे लागते.

अशा एंजिनावर दोन तरफा असतात. वेगाची तरफ हवा अडवीत नाही; ती गव्हर्नरच्या स्प्रिंगचा ताण बदलते आणि गव्हर्नर त्या वेगास पुरेल एवढेच इंधन सोडतो. दुसरी तरफ इंधन पूर्णपणे बंद करते. सायकलच्या ब्रेकप्रमाणे, नळीतून सरकणाऱ्या तारेने या तरफा ओढल्या जातात. खाऱ्या हवेने तार गंजते व अडकते. तेव्हा बंद करण्याच्या तारेऐवजी विद्युत्-चुंबक बसविण्याचा विचार पुढे येतो.

येथे निवड विचारपूर्वक करावी. एका प्रकारात वीज मिळाली म्हणजे एंजिन थांबते. दुसऱ्यात वीज मिळत असेल तोवरच ते चालते. दुसरा प्रकार वरवर सुरक्षित वाटतो. परंतु एखादी तार तुटली, तर खडकाजवळच एंजिन बंद पडावयाचे! पहिल्या प्रकारात वीज गेली तरी एंजिन चालत राहते. मात्र ते थांबविण्यासाठी हाताने ओढावयाची तरफ मोकळी ठेवली पाहिजे.

काम संपल्यावर तीन गोष्टी पडताळाव्या. वेगाची तरफ दोन्ही टोकांस पूर्ण पोहोचते काय? बंद करण्याची तरफ आपल्या मूळ जागी परत येते काय? ती अर्धवट अडकली, तर एंजिनाची शक्ती घटते, किंवा ते सुरूच होत नाही. आणि तारेला कोठे तीव्र वळण तर पडले नाही ना? ही परीक्षा नौका धक्क्याला बांधलेली असतानाच घ्यावी. समुद्र अशा चुका शिकवितो खरा. पण त्याची गुरुदक्षिणा फार जबर असते.