पाच मिनिटांचा सराव वाचवतो बाळाचा श्वास. गर्दीच्या प्रसूती कक्षात ट्रेनिंग कसं व्हावं?

जन्मलेल्या दर 10 बाळांपैकी साधारण एकाला पहिला श्वास घेण्यासाठी काही ना काही मदत लागते. बहुतेक बाळं कोरडं पुसलं, पाठ चोळली की रडतात. काही मात्र तरीही रडत नाहीत. अशा बाळाला पहिल्या एका मिनिटात अँबू बॅगने श्वास द्यावा लागतो. या मिनिटाला आरोग्य क्षेत्रात ‘सुवर्ण मिनिट’ म्हणतात.

त्या मिनिटाला तालुक्याच्या ठिकाणचे बालरोगतज्ज्ञ हजर नसतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री ड्युटीवर असते ती सिस्टर. तिचे हात त्या क्षणी किती तयार आहेत, यावर सगळं अवलंबून असतं. म्हणूनच कामाच्या गर्दीत असलेल्या कर्मचाऱ्यांना ट्रेनिंग नेमकं कसं द्यायचं, हा प्रश्न ग्रामीण भागात जिवाशी जोडलेला आहे.

दोन दिवसांचं ट्रेनिंग कमी का पडतं?

नवजात बाळांचे जीव वाचावेत म्हणून केंद्र सरकारने 2009 मध्ये ‘नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम’ सुरू केला. त्यात डॉक्टर, नर्स आणि एएनएम यांना दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं जातं. बाळ रडलं नाही तर काय करायचं, हे बाहुल्यावर करून दाखवलं जातं. हे प्रशिक्षण गरजेचंच आहे. अडचण येते ती पुढे.

अँबू बॅग वापरणं हे हाताचं कौशल्य आहे. मास्क तोंडा-नाकावर घट्ट बसला पाहिजे, डोकं योग्य कोनात हवं, मिनिटाला 40 ते 60 श्वास द्यायचे आणि छाती वर येते की नाही ते पाहायचं. मास्कच्या कडेने हवा सुटली, तर बॅग कितीही दाबा, उपयोग शून्य. सायकल एकदा आली की विसरत नाही म्हणतात. इथे तसं नाही. छोट्या केंद्रात महिन्याला मोजक्याच प्रसूती होतात. न रडणारं बाळ कित्येक महिन्यांत एखादंच येतं. तोवर हात विसरलेला असतो.

दुसरी अडचण माणसांची. केंद्रातली एक सिस्टर जिल्ह्याला ट्रेनिंगला गेली की मागे ड्युटी करायला कोण? म्हणून अनेकदा एकीलाच पाठवलं जातं, आणि तिची बदली झाली की शिकलेलंही तिच्यासोबत निघून जातं.

टांझानियातील गावाकडच्या दवाखान्याचा अनुभव

उत्तर टांझानियातील हायडम हे ग्रामीण भागातलं रुग्णालय. 2010 मध्ये तिथल्या कर्मचाऱ्यांना नवजात बाळाला श्वास देण्याचं एक दिवसाचं ट्रेनिंग दिलं गेलं. सात महिन्यांनी बाहुल्यावर परीक्षा घेतली, तेव्हा कर्मचारी आधीपेक्षा चांगले निघाले. पण खऱ्या प्रसूतीच्या वेळी त्यांच्या कामात फरक पडलेला नव्हता. म्हणजे परीक्षेत पास, कामात जैसे थे.

मग पद्धत बदलली. बाहुला प्रसूती कक्षाजवळच ठेवला. आठवड्यातून एकदा फक्त 3 ते 5 मिनिटांचा सराव आणि महिन्यातून एकदा 40 मिनिटांची उजळणी सुरू केली. ड्युटी सोडून कुठे जायचं नाही, भत्त्याचा हिशेब नाही. पुढच्या वर्षभरात जन्मानंतर 24 तासांच्या आत होणारे मृत्यू दर हजारी 11.1 वरून 7.2 वर आले. शिकवायचं तेच होतं. बदलली ती शिकवण्याची जागा आणि वेळ.

पाठपुरावा थांबला की काय होतं?

उत्तर प्रदेशात 120 आरोग्य केंद्रांवर एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या केंद्रांत प्रसूतीवेळची तपासणी यादी देण्यात आली आणि प्रशिक्षकांनी आठ महिने जागेवर येऊन मार्गदर्शन केलं. दोन महिन्यांनी पाहिलं, तर तिथल्या नर्स आवश्यक 18 कृतींपैकी जवळपास 73 टक्के कृती करत होत्या. इतर केंद्रांत हे प्रमाण 42 टक्के होतं. मार्गदर्शन थांबल्यावर चार महिन्यांनी मात्र 73 चे 62 टक्क्यांवर आले.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. काम सुधारूनही माता आणि बालमृत्यूंत दोन्हीकडे लक्षणीय फरक दिसला नाही. ट्रेनिंग लागतंच, पण सोबत औषधं, साधनं, पुरेसे कर्मचारी आणि वेळेवर रेफर करण्याची सोयही लागते. सगळा भार सिस्टरच्या अंगावर टाकून भागत नाही.

महाराष्ट्रालाही हे नवीन नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच महिलांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं आणि त्यांच्या कामावर नियमित देखरेख ठेवली. तिथे नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी सुमारे 62 टक्क्यांनी घटल्याचं 1999 मध्ये प्रसिद्ध झालं. शिकवून सोडून दिलं नाही, हे त्यातलं मर्म.

आपल्या केंद्रात काय करता येईल?

- सरावाचा बाहुला आणि सरावासाठी वेगळी अँबू बॅग प्रसूती कक्षाजवळ ठेवावी. कपाटात कुलूपबंद नको. खऱ्या वापराची बॅग सरावाला घेऊ नये.
- ड्युटी बदलताना दोघींनी मिळून पाच मिनिटं सराव करावा. एकीने करावं, दुसरीने पाहून सांगावं.
- कोणी कधी सराव केला, याची साधी वही ठेवावी.
- चूक झाली तर ओरडा नको. ओरडा बसला की सराव बंद पडतो.
- बदलून आलेल्या कर्मचाऱ्याचा सराव पहिल्याच आठवड्यात घ्यावा.
- महिन्यातून एकदा वैद्यकीय अधिकाऱ्यांनी स्वतः उजळणी घ्यावी.

‘दक्षता’ (2015) आणि ‘लक्ष्य’ (2017) या केंद्र सरकारच्या कार्यक्रमांतही प्रसूती कक्षातल्या कामाच्या दर्जावर भर आहे. त्यामुळे पाच मिनिटांच्या सरावासाठी नव्या योजनेची वाट पाहण्याची गरज नाही. रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत सदस्यांनी दोनच प्रश्न विचारावेत: बाहुला कुठे ठेवलाय? आणि शेवटचा सराव कधी झाला?

उत्तर तारखेसह मिळालं, तर त्या केंद्रात ट्रेनिंग खरंच सुरू आहे असं समजावं.