पशुवैद्यक व्हायचे तर अकरावीला जीवशास्त्र हवेच

अकरावीच्या अर्जावर कोणते विषय भरले, यावरच पशुवैद्यकीय पदवीचा रस्ता उघडतो किंवा बंद होतो. दहावीचा निकाल लागला की ऑनलाइन फेऱ्या, कटऑफ आणि कॉलेजचे नाव यांतच घरोघरी चर्चा संपते. विषयांचा ग्रुप शेवटी, घाईत ठरतो. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत दावणीला जनावर असलेली घरे गावोगाव आहेत, आणि शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय 1988 पासून उभे आहे. तरीही गुरांचा डॉक्टर होण्यासाठी नेमके काय शिकावे लागते, हे इथल्या अनेक घरांत उशिराच कळते.

अट साधी आहे. बारावी विज्ञान शाखेतून, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय घेऊन उत्तीर्ण व्हावे लागते. या चारही विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला 50 टक्के गुण लागतात. राखीव प्रवर्गांना सवलत आहे. इंग्रजीचे गुण या बेरजेत धरले जातात, हे विसरून चालणार नाही. प्रवेशासाठी लागणाऱ्या ‘नीट’ परीक्षेच्या तयारीत इंग्रजीकडे दुर्लक्ष करणाऱ्यांना ते नडू शकते. प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरपर्यंत वयाची 17 वर्षे पूर्ण व्हावी लागतात.

खरी फसगत होते ती बायफोकलमध्ये. हा व्यावसायिक विषय 200 गुणांचा असतो आणि तो घेतला की दुसरी भाषा व विज्ञानातला एक ऐच्छिक विषय सुटतो. ‘पशुविज्ञान व दुग्धव्यवसाय’ असे नाव वाचून पालकांना वाटते, डॉक्टरकीची पहिली पायरी हीच. पण त्या बदल्यात जीवशास्त्र सुटले, तर पशुवैद्यकीय पदवीचे दार बंद झालेच. दहावीनंतरच्या पशुसंवर्धन पदविकेचेही तसेच. ती पशुधन पर्यवेक्षकासारख्या कामासाठी उपयोगी असली तरी पदवीच्या प्रवेशासाठी बारावी विज्ञानाची जागा घेत नाही. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार पूर्ण उपचारांचा अधिकार नोंदणीकृत पदवीधरालाच आहे. पदविकाधारकाने किरकोळ सेवा द्यायच्या, त्याही पदवीधराच्या देखरेखीखाली.

गणित ठेवावे की सोडावे, हा प्रश्न त्यामानाने हलका. पशुवैद्यकीयसाठी ते लागत नाही. दुग्धतंत्रज्ञानाच्या बी.टेक.चा पर्याय मात्र गणित आणि एमएचटी-सीईटीवर उभा आहे. ज्याला तो मोकळा ठेवायचा आहे, त्याने गणित व जीवशास्त्र दोन्ही घ्यावेत. अभ्यास वाढतो, एवढी तयारी हवी.

जीवशास्त्रावर इतका भर का, याचे उत्तर फलटणमध्ये सापडते. तेथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार केली. दख्खनी मेंढी बहुधा एका वेळी एकच कोकरू देते. सुंदरबनातल्या लहानखुऱ्या गरोळ मेंढीत मात्र एक जनुक असा आहे की मादीची बीजनिर्मिती वाढते आणि जुळी होण्याचे प्रमाण वाढते. ऑस्ट्रेलियातल्या बुरूला मेरिनो मेंढ्यांतही तोच जनुक सापडला; तो अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून तिकडे गेलेल्या मेंढ्यांबरोबर पोचला असावा, असे मानले जाते. फलटणच्या संशोधकांनी पिढ्यानपिढ्या संकर करून तो जनुक दख्खनी मेंढीत आणला आणि अंगाने मात्र ती दख्खनीच राखली. बारावीच्या पुस्तकातला मेंडेलचा आनुवंशिकतेचा धडा हाच. माण, खटाव, जत, आटपाडीच्या माळावर मेंढरे राखणाऱ्या घरातल्या मुलाला तो धडा कळला, तर त्याच्या कळपाचा हिशेब बदलतो.

रसायनशास्त्राचे महत्त्व गोठ्यात दिसते. व्यालेली संकरित गाय दुसऱ्या दिवशी उठेना, कान गार पडले, मान कुशीकडे वळली, की लोक म्हणतात ‘गाय बसली’. रक्तातले कॅल्शियम घसरलेले असते. शिरेतून कॅल्शियम दिल्यावर तीच गाय बऱ्याचदा काही वेळात उभी राहते. पण बाटली घाईने सोडली तर हृदय थांबू शकते. म्हणून डॉक्टरचा एक हात सलाईनच्या नळीवर असतो आणि कान स्टेथोस्कोपला.

पुढचे गणित गुणवत्तेचे. ‘नीट’च्या 720 गुणांपैकी 360 जीवशास्त्राचे. राज्यातील 85 टक्के जागा नागपूरचे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ ‘नीट’च्या गुणांवर भरते, 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भारतीय पशुवैद्यक परिषद. दोन्हींचे अर्ज वेगळे. एमबीबीएससाठी भरलेला अर्ज इथे चालत नाही, आणि या कारणाने चांगले गुण असलेली मुलेही मागे राहू शकतात. शिक्षण साडेपाच वर्षांचे, त्यात एक वर्ष आंतरवासिता.

या पद्धतीत एक उणीव आहे आणि ती बोलून दाखवलीच पाहिजे. ब्रिटनमधली पशुवैद्यकीय महाविद्यालये रसायन-जीवशास्त्राच्या गुणांबरोबर गोठ्यात, दवाखान्यात केलेल्या कामाचा अनुभवही पाहतात. इथे अडलेल्या म्हशीजवळ रात्र काढलेल्या मुलीला त्याचा अर्धा गुणही मिळत नाही, आणि एमबीबीएस हुकले म्हणून आलेल्याला कुणी विचारत नाही की जनावराला हात लावला आहे का. खिल्लारांच्या मुलखाला डॉक्टर हवे असतील तर या अनुभवाला प्रवेशात थोडे तरी वजन मिळायला हवे. तो बदल होईपर्यंत गुणांची लढाई गुणांनीच जिंकावी लागेल.

म्हणून पालकांनी अर्ज पक्का करण्याआधी कॉलेजच्या कार्यालयातून निवडलेल्या ग्रुपमधील विषयांची यादी मागून घ्यावी. तीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी ही चारही नावे दिसली, तरच सही करावी.